पोर्तुगीज चर्चचा स्टॉप

गेल्या महिन्यात लेकीला घेऊन दादरला गेलो होतो. बस गोखले रोडला लागली आणि कंडक्टरने हाक दिली, "पोर्तुगीज चर्च, चला पोर्तुगीज चर्च!" उतरता उतरता लेकीने विचारलं, "अब्बू, इथे पोर्तुगीज राहतात?"

मी हसलो. पण उत्तर द्यायला गेलो तेव्हा कळलं की ते एका वाक्यात मावणारं नाही. ते इथे लिहितो आहे.

या स्टॉपशी माझं नातं जुनं आहे. माझे अब्बा शिंपी होते. दापोलीकडच्या एका खेड्यातून १९६८ साली मुंबईत आले, परळच्या चाळीत राहिले आणि पोर्तुगीज चर्चजवळच्या एका गल्लीत दुकानाचा अर्धा गाळा भाड्याने घेऊन बसले. शाळेचे गणवेश, पँटींची उंची कमी करणं, चेन बदलणं ही रोजची कामं. पण त्यांचं खरं नाव झालं ते पांढऱ्या कपड्यांमुळे. ख्रिस्ती मुलांचा पहिला कम्युनियन असतो तेव्हा मुलगे पांढऱ्या सुटात आणि मुली पांढऱ्या झग्यात चर्चमध्ये जातात. त्या मोसमात अब्बांचं दुकान कापसाच्या गोदामासारखं दिसायचं. पांढऱ्यावर डाग चालत नाही, म्हणून ते दिवसातून दहा वेळा हात धूत. अम्मी म्हणायची, "नमाजाच्या वजूपेक्षा जास्त वेळा तर तुम्ही चर्चसाठी हात धुता."

त्या चर्चचं खरं नाव अवर लेडी ऑफ सॅल्व्हेशन. जुनं पोर्तुगीज नाव साल्वासाव. दोन्हींचा अर्थ तारण करणारी माता. फ्रान्सिस्कन पंथाच्या पाद्र्यांनी १५९६ साली ते स्थापन केलं. हे साल नुसतं वाचून सोडून देण्यासारखं नाही. तेव्हा दिल्लीच्या गादीवर अकबर होता. पैठणला संत एकनाथ हयात होते. शिवाजी महाराजांच्या जन्माला अजून चौतीस वर्षं होती. आणि मुंबई नावाचं शहर तर नव्हतंच. होती ती सात बेटं, मधली खाडी, माडांच्या वाड्या, भातखाचरं, कोळ्यांची आणि भंडाऱ्यांची वस्ती. दादर-माहीम हे एक गाव होतं आणि साल्वासाव हे त्या गावचं चर्च. आज त्याच्या आजूबाजूला वडापावच्या गाड्या, कपड्यांची दुकानं आणि टोलेजंग इमारती आहेत. पण मुळात ते गावचं देऊळ असतं तसं गावचं चर्च आहे.

ही बेटं पोर्तुगीजांकडे आली तीही एका मुसलमान राजाकडून. गुजरातचा सुलतान बहादूरशहा हुमायूनच्या कचाट्यात सापडला होता. त्याने डिसेंबर १५३४ च्या तहात वसई आणि तिच्या ताब्यातली मुंबईची बेटं पोर्तुगीजांना देऊन टाकली. त्याच्या शंभर वर्षं आधी, १४३१ मध्ये, माहीमला मखदूम फकीह अली माहिमी यांचं निधन झालं होतं. कुराणावर अरबीत भाष्य लिहिणारा हा विद्वान इथला, कोकणच्या किनाऱ्यावरचा. त्यांचा दर्गा आजही माहीमला आहे. म्हणजे या पट्ट्यात दर्गा आधी, मग चर्च, आणि शहर सगळ्यांत शेवटी.

परळची गोष्ट निराळी झाली. तिथे जेझुइट पाद्र्यांचा मठ आणि प्रार्थनाघर होतं. १६८९ मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी याकूतखानाने मुंबईवर हल्ला केला आणि माझगाव, माहीम धरून बसला. सिद्दी गेल्यावर इंग्रजांनी जेझुइटांवर त्याला मदत केल्याचा ठपका ठेवला, आणि पुढे अठराव्या शतकाच्या सुरुवातीला परळची ती जागा जप्त केली. तिथे गव्हर्नरचा बंगला झाला. मग प्लेगच्या काळात, १८९९ मध्ये, वाल्देमार हाफकिन या शास्त्रज्ञाची प्रयोगशाळा तिथे गेली. आजची हाफकिन संस्था ती हीच. याच हाफकिनची प्लेगची लस लोकांनी घ्यावी म्हणून आगाखानांनी ती स्वतः चारचौघांत टोचून घेतली होती. त्याच प्लेगच्या भीतीने मुंबईतल्या गावठाणांत नाक्यानाक्यावर दगडी क्रूस उभे राहिले. शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि दादर-माटुंग्याच्या शेतांतून रस्ते, कॉलन्या निघाल्या. गाव संपलं ते तिथे. चर्च राहिलं.

साल्वासाव परळच्या मठासारखं नाहीसं झालं नाही. १६६१ च्या लग्नाच्या तहात मुंबई इंग्रज राजाला आंदण मिळाली, १६६५ मध्ये प्रत्यक्ष ताबा मिळाला, आणि इथल्या कॅथलिकांना त्यांचा धर्म पाळू देऊ हे तहातच लिहिलेलं होतं. पण पाद्री कुणाचा, यावर भांडण सुरू झालं. १७२० मध्ये इंग्रजांनी फ्रान्सिस्कनांना हाकललं आणि रोमहून आलेल्या कार्मेलाइट पाद्र्यांना बसवलं. गोव्याच्या आर्चबिशपाचं ऐकायचं की रोमच्या माणसाचं, हा तंटा पुढे दोनशे वर्षं चालला. १८५३ मध्ये तर माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन दारं लावून आत बसले होते आणि बाहेर त्यांचेच लोक त्यांना मानायला तयार नव्हते. १९२८ मध्ये पोर्तुगाल आणि रोम यांच्यात करार झाला. ठरलं असं, की मुंबईचा आर्चबिशप एकदा पोर्तुगीज आणि एकदा ब्रिटिश. मुंबईच्या लोकांना कुणी विचारलं नव्हतं. १९५० मध्ये व्हॅलेरियन ग्रेशस आले, तेव्हा पहिल्यांदा त्या खुर्चीवर भारतीय माणूस बसला. चारशे वर्षं गावातले लोक गुडघे टेकत होते आणि त्यांचे मालक बाहेर भांडत होते. आपल्याकडच्या मशिदींच्या ट्रस्टची भांडणं ज्यांनी पाहिली आहेत त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग पोर्तुगीज कोण? ते कधीच गेले. चर्चमध्ये जाणारे लोक इथलेच होते. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी, आणि मागाहून आलेले गोवेकर, मंगळुरी. इथल्या मूळ ख्रिस्ती लोकांना आता ईस्ट इंडियन म्हणतात. हे नावही गमतीचं आहे. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली त्या सुमारास या लोकांनी आपली संघटना काढली आणि हे नाव घेतलं. आपण बाहेरगावाहून आलेले नाही, कंपनीच्या काळापासूनचे इथलेच आहोत, हे सरकारला कळावं एवढाच हेतू. म्हणजे इथलं असल्याचं सांगायलाही इंग्रजी नाव घ्यावं लागलं. घरात मात्र भाषा मराठी, तिची एक जुनी खारी बोली. म्हाताऱ्या बायका लाल चौकड्यांचं लुगडं नेसत आणि उन्हाळ्यात मिरच्या-मसाले कुटून बाटल्यांत ठासून भरत. त्या बाटली मसाल्याचा वास आमच्या गल्लीत मे महिन्यात येई आणि अब्बांना शिंका येत.

अशीच एक म्हातारी अब्बांची गिऱ्हाईक होती. आम्ही मुलं तिला मावशी म्हणायचो, अब्बा 'बाय' म्हणायचे. घरातली तीन पिढ्यांची पोरं तिने अब्बांकडे आणली. पहिल्यांदा आली तेव्हाचा किस्सा अब्बा कायम सांगत. मापं घेऊन झाल्यावर तिने विचारलं, "तू बरा मराठी बोलतोस रे. मूळचा कुठला, यूपीचा?" अब्बा म्हणाले, "मी दापोलीचा. आणि बाय, तुम्ही कुठल्या, पोर्तुगालच्या?" ती दोन क्षण बघत राहिली आणि मग इतकी हसली की गळ्यातला क्रूस हलायला लागला. त्यानंतर तिने दुसरा शिंपी केला नाही.

लहानपणी मला हा नुसता विनोद वाटायचा. आता वाटतं, दोघांना एकाच जागी दुखत होतं. "मराठी छान बोलता हो तुम्ही," हे वाक्य आपल्यापैकी कुणी ऐकलेलं नाही? बोलणारा कौतुकच करत असतो. पण त्या कौतुकात आपल्याला पाहुणा केलेलं असतं. फादर थॉमस स्टीफन्स यांचं 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये मराठीत छापलं गेलं, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, यू. म. पठाण आणि फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. तरी दुकानात, ट्रेनमध्ये, घर भाड्याने घेताना तेच वाक्य येतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहायला हवी. 'पोर्तुगीज' हा शब्द मुसलमानाच्या कानाला गोड नाही. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा जिंकलं तेव्हा तिथल्या मुसलमानांची कत्तल झाली. हाजला जाणाऱ्या जहाजांनाही पोर्तुगीजांचा परवाना, ज्याला ते कार्ताझ म्हणत, तो काढावा लागे. १६१३ मध्ये तर खुद्द जहांगीरच्या आईचं 'रहीमी' जहाज त्यांनी पकडून नेलं. हिंदूंच्याही आठवणी कमी कडू नाहीत. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात त्यांनी चर्च केलं, गोव्यात धर्मन्यायालय बसवलं. अशा राज्यात जे ख्रिस्ती झाले ते सगळेच राजीखुशीने झाले, असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. कुणी श्रद्धेने झाला असेल, कुणी जमिनीसाठी, कुणी भीतीने, कुणी गावाबरोबर.

कॉलेजात असताना मी हे सगळं वाचलं आणि एकदा अब्बांना ऐकवलं. तरुण होतो, नुकतंच वाचलेलं पोटात राहत नव्हतं. म्हणालो, "ज्यांनी हाजींची जहाजं लुटली त्यांच्या चर्चसाठी तुम्ही सूट शिवता." अब्बा काज करत होते. मान वर न करता म्हणाले, "बायने लुटली का?"

मी गप्प. मग ते म्हणाले, "उद्या तुला कुणी औरंगजेबाचा हिशेब मागितला तर देशील?"

त्या दिवशी मला याची धार कळली नव्हती. पुढे कळली. आपल्याला रोज कुणी ना कुणी तो हिशेब मागतं. टीव्हीवर मागतं, व्हॉट्सॲपवर मागतं, सोसायटीच्या मीटिंगमध्ये हसत हसत मागतं. आपण चिडतो, आणि चिडायलाच हवं. पण मग मावशीकडे आल्बुकर्कचा हिशेब मागायचा हक्क आपण सोडून द्यावा लागतो. दोन्ही वह्या एकाच वेळी उघड्या ठेवता येत नाहीत. इतिहास विसरा असं मी म्हणत नाही. झालं ते झालं असं लिहा, नावानिशी लिहा. फक्त वसुलीला शेजाऱ्याच्या दारात जाऊ नका.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ बद्दल मी फार लिहीत नाही. ज्यांनी ते पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगता येत नाही. मी पंधरा वर्षांचा होतो. जानेवारीत एका रात्री आम्ही परळची खोली सोडली. पंचवीस वर्षं ज्या मजल्यावर अब्बा राहिले, तिथल्या काही दारांनी आम्हाला जेवण दिलं होतं आणि काही दारं त्या आठवड्यात उघडलीच नाहीत. खोली नंतर मिळेल त्या किमतीला गेली. आम्ही मुंब्र्याला आलो, हजारो आले तसे.

दुकानात चार कम्युनियनचे सूट कापून ठेवले होते. महिन्याभराने अब्बा भीत भीत दादरला गेले. दुकान शाबूत होतं. शेजारच्या पानवाल्याने सांगितलं, म्हातारी तीन वेळा येऊन गेली. अब्बा तिच्या घरी गेले आणि म्हणाले, "बाय, उशीर झाला, कापड परत घेऊन जा." ती म्हणाली, "कापलेलं कापड परत घेऊन काय करू? तूच शीव. एप्रिलपर्यंत दे."

एवढंच. ती काही आम्हाला वाचवायला धावून आली नव्हती, तिने तसा आवही आणला नाही. मोठ्या गोष्टी सिनेमात होतात. तिने फक्त आपली ऑर्डर रद्द केली नाही. पण त्या वर्षी ज्यांच्या ऑर्डरी रद्द झाल्या, ज्यांच्या नोकऱ्यांवर परत येऊ नका असं सांगण्यात आलं, त्यांना विचारा की हे 'एवढंच' केवढं होतं. ते चार सूट अब्बांनी मुंब्र्याच्या नव्या खोलीत, लाईट जायची तेव्हा कंदिलावर, शिवले. पांढऱ्या कापडावर काजळी पडू नये म्हणून अम्मी कंदील हातात धरून लांब उभी राहायची.

लेकीला यातलं काही मी त्या दिवशी रस्त्यात सांगितलं, काही नाही. मग तीच म्हणाली, "आत जायचं?" इतक्या वर्षांत मी कधी आत गेलो नव्हतो. अब्बा सूट पोचवायला आवारापर्यंत जात, मी फाटकाबाहेर. वॉचमनला विचारलं, तो म्हणाला, जा की, प्रार्थना नाहीये आता.

जुनी इमारत माझ्या जन्माआधीच पाडली गेली होती. आजची वास्तू १९७४ ते १९७७ मध्ये उभी राहिली, चार्ल्स कोरियांनी बांधलेली. साबरमतीचं गांधी स्मारक संग्रहालय ज्यांनी उभं केलं, नवी मुंबईची कल्पना ज्या तिघांनी मांडली त्यांपैकी एक, ते कोरिया. बाहेरून पाहिलं तर हे चर्च वाटतच नाही. उंच मनोरा नाही, टोकदार कमानी नाहीत. वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे घुमट, आणि त्यांच्यामध्ये उघडी अंगणं. थोडं छत, थोडं आभाळ, पुन्हा छत. गरम हवा घुमटातून वर निघून जाते आणि अंगणातली झुळूक आत येते. येशूही ऊन असलेल्या मुलखातला माणूस होता, त्याचं घर युरोपातल्या थंडीसाठी बांधल्यासारखं का असावं, असा प्रश्न इथे उभं राहिल्यावर आपोआप पडतो. मला तर आपल्या मशिदीचं सहन आठवलं. चपला काढून उन्हातून सावलीत यायचं आणि सावलीतून पुन्हा उजेडाकडे बघायचं.

लेक वर बघत होती. घुमटाच्या टोकाशी रंगीत काच आहे, तिथून उजेड खाली येतो. मी म्हटलं, "ते काचेचं काम कुणाचं माहीत आहे? हुसेन यांचं. मकबूल फिदा हुसेन."

"ते आपले?"

या 'आपले' शब्दापाशी मी अडखळलो. पंढरपुरात १९१५ मध्ये जन्मलेला, मुंबईत सिनेमाची पोस्टरं रंगवून पोट भरलेला, विठोबाच्या गावचा मुसलमान मुलगा. त्याने दादरच्या ख्रिस्ती गावकऱ्यांच्या चर्चसाठी काच रंगवली. २००६ मध्ये त्यांना देश सोडावा लागला, २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं, आणि ९ जून २०११ ला लंडनमध्ये ते गेले. तेही कुणाला ना कुणाला हिशेब देत राहिले. त्यांच्या चित्रांवर ज्यांचा राग होता त्यांच्याशी वाद घालता येईल. पण परत येता न येणं ही शिक्षा मोठी होती. काच मात्र इथेच आहे, चाळीसहून जास्त वर्षं.

"हो, आपले," मी म्हटलं. "आणि यांचेही."

घरी आल्यावर मी अब्बांची मापांची वही काढली. ते जाऊन आता बरीच वर्षं झाली, पण अम्मीने वह्या ठेवल्या आहेत. लेकीला मावशीच्या नातवाचं पान दाखवलं. छाती २६, कमर २४, बाही १८, पांढरा टेरीकॉट. ज्या पत्त्याला सगळं जग 'पोर्तुगीज चर्चजवळ' म्हणतं, तिथे अब्बांनी लिहिलं होतं, 'गाव दादर'. त्यांनी सगळ्या ख्रिस्ती गिऱ्हाइकांच्या पुढे तेच लिहिलं आहे, गाव दादर.

वहीच्या पहिल्या पानावर त्यांचं स्वतःचं नाव आहे. खाली 'मूळ गाव तालुका दापोली, हल्ली मुक्काम परळ'. त्यातला 'परळ' एका रेघेने खोडून वर वेगळ्या शाईने 'मुंब्रा' लिहिलं आहे. रेघ इतकी हलकी आहे की खालचा शब्द सहज वाचता येतो. लेकीने तो वाचला आणि विचारलं, "परळला कधी न्याल?"

पुढच्या रविवारी जायचं ठरलं आहे.